तीनपैकी एक तार

"नागपुरात पियानो?" हा प्रश्न मी जन्मभर ऐकला. माझ्या सासऱ्यांनी तर तो सोयरिकीच्या बैठकीतच विचारला होता. मुलगा रिकामटेकडा आहे, आणि ते सांगायची लाज वाटते म्हणून असलं काहीतरी विलायती नाव पुढे करतो, अशी त्यांची खात्री होती. शेवटी लग्नानंतर एकदा मी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून एका मिशनच्या शाळेत नेलं आणि पियानोची पुढची फळी काढून आतलं दाखवलं. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तं कपाटच आहे गा जावईबापू. याच्यातून तुम्ही काय काढता?"

"सूर काढतो, मामाजी."

"अन् पोट भागते का त्याच्यात?"

भागलं. श्रीमंती आली नाही, पण दोन मुली शिकल्या, कौलं जाऊन घरावर स्लॅब पडला. आमच्या वस्तीत माझं नाव मेश्राम होतं हे पोस्टमनशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे 'पियानोवाले' म्हणायचे. आता निवृत्त झालो आहे. हातातली ताकद गेली, कान मात्र अजून चांगले आहेत, आणि त्याचा त्रास घरच्यांना होतो. दारावरच्या घंटेचा सूर उतरला की मला जेवण जात नाही.

वडील रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. मुंबईहून वर्षाकाठी एक गोवेकर मास्टर शाळा-चर्चमधले पियानो लावायला यायचे, त्यांचं लाकूडकाम वडील करून द्यायचे. मास्टरांच्या हाताखाली मी ही विद्या शिकलो. ते थकले तेव्हा नागपूर, कामठीची छावणी, कन्हानकडचे खाणसाहेबांचे बंगले, असा सगळा मुलूख माझ्या सायकलला लागला.

काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. पियानोच्या आत लोखंडी चौकटीवर सव्वादोनशेच्या आसपास तारा ताणलेल्या असतात. पट्टी दाबली की आतली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी तारेवर पडते. गंमत अशी, की मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना एकेक तार नसते, तीन-तीन असतात, शेजारी शेजारी. तिन्ही अगदी एका सुरात असल्या तरच आवाज भरून येतो. त्यातली एक केसभर जरी हलली, तरी आवाजात लाट उठते, वँव-वँव अशी. ती लाट ऐकायची आणि किल्लीने खुंटी पिळत पिळत ती थांबवायची, एवढाच आमचा धंदा. एका वेळी एकच तार ऐकू यावी म्हणून बाकीच्या दोन तारांत नमद्याची पट्टी खुपसून त्यांची तोंडं बंद करायची. ही नमद्याची पट्टी लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर माझी अब्रू टांगलेली आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. पारशिवनीजवळच्या एका मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाचा पियानो लिलावात घेतला होता. वाजत नाही म्हणून त्यांनी बैलगाडी पाठवून मला बोलावलं. फळी काढली तर आत चिंचेचे गोळे, फडक्यात बांधून व्यवस्थित रचलेले. कुलूप लागणारं एवढं मजबूत कपाट घरात दुसरं नव्हतं, म्हणून सूनबाईंनी वर्षाची बेगमी तिथे केली होती. चिंचेने तारा खाऊन टाकल्या होत्या. मी मालगुजारांना म्हटलं, "चिंच काढा लागते, पाटील." तर दाराआडून आवाज आला, "मंग चिंच ठेवू कुठी? ते डबडं वाजवते तरी कोण?" बाई बरोबर बोलत होती. मी चहा पिऊन परत आलो.

धरमपेठेत एक निवृत्त न्यायाधीश होते. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, पियानोला कोणी हात लावत नसे, तरी ते वर्षातून दोनदा मला बोलवायचे. शेजारी खुर्ची टाकून, डोळे मिटून बसायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "साहेब, वाजवत कोणी नाही, मग कशाला लावून घेता?" म्हणाले, "तुम्ही लावता ना, तेवढा वेळ ती घरात रियाझ करत असल्यासारखं वाटतं." त्यानंतर त्यांच्याकडचं काम मी नेहमी सावकाश केलं.

पण या धंद्यात माझी खरी परीक्षा झाली ती एका उन्हाळ्यात, रेल्वे वसाहतीतल्या नाचाच्या हॉलमध्ये.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल-नसेल. तेव्हा रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. त्यांच्यात लोला मॅडम राहायच्या. मराठी वाचकांना हे नाव माहीत नसणार, पण जॅझ ऐकणाऱ्यांमध्ये ते नाव काढलं की लोक कानाची पाळी पकडायचे. तरुणपणी त्या कलकत्त्याच्या बड्या हॉटेलांत गायच्या. एका इंजिन ड्रायव्हरशी लग्न करून नागपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. जॅझ म्हणजे काय हे मला त्यांनीच एकदा समजावलं होतं. गाणं ठरलेलं असतं, पण गाणारा दर वेळी त्यात आपल्या वाटेने जातो, आपल्याकडे ख्यालात जातात तसा. फक्त आवाज आणि पियानो, तिसरं काही नाही, ही त्यांची रीत. आवाज भरदार, पियानोही भरदार, आणि दोघांची जुगलबंदी. माईकचा त्यांना भारी राग. "घर में मेहमान से कोई माईक पे बात करता है क्या?" असं विचारायच्या. पुढे घशाच्या दुखण्याने त्यांचं गाणं सुटलं.

त्यांची एकच शिष्या, रूथ. ही आपल्या नागपूरचीच, मराठी ख्रिस्ती घरातली. दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, आणि शनिवार-रविवारी क्लबात इंग्रजी गाणी म्हणायची. फोनवर तिचं इंग्रजी ऐकलं तर मडमीण वाटायची, आणि फोन ठेवला की "काहून गा, चहा सांगतला नाही का अजून?" चार वर्षं तिने लोला मॅडमकडे शिक्षण घेतलं. नंतर एका नाताळच्या नाचाला तिने मॅडमचं सर्वांत गाजलेलं गाणं म्हटलं. शेवटची गाडी चुकलेल्या एका बाईचं गाणं आहे ते. रूथने त्यात मॅडमचा श्वास न् श्वास उचलला होता. डोळे मिटले तर वाटावं, लोलाच तरुण होऊन उभी आहे. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. आणि लोला मॅडम पहिल्या रांगेतून उठून, गाणं अर्धं असतानाच, निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी रूथ घरी गेली तर दारातच म्हणाल्या, "मैं अभी मरी नहीं हूँ. मेरी आवाज मुझे क्यों सुनाती है? तेरी किधर है?" त्यानंतर त्यांनी तिच्यासाठी दार उघडलं नाही. आठेक वर्षं झाली असतील.

आता लोला मॅडम नागपूर सोडून चालल्या होत्या. मुलगा ऑस्ट्रेलियात, जूनमध्ये तो न्यायला येणार होता. एकदा गेल्या की परत येणं नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. रूथने ठरवलं, त्याआधी त्यांच्या सन्मानाचा एक कार्यक्रम करायचा, सगळी त्यांचीच गाणी, त्यांच्याच रीतीने, माईकशिवाय. वसाहतीतल्या मंडळाचे सचिव फर्नांडिस साहेब, निवृत्त गार्ड, मॅडमना विचारायला गेले. मॅडम म्हणाल्या, येते. पण उठावंसं वाटलं तर उठेन.

रूथ माझ्याकडे आली ती हा निरोप घेऊनच. माझ्या ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "मेश्रामभाऊ, पियानो असा लावा का मले फक्त गाण्याचंच टेन्शन राहिलं पाहिजे."

"अवं, तुले काहून टेन्शन? सारी गाणी तं पाठ आहेत तुले."

"पाठ आहेत, हेच तं टेन्शन आहे ना भाऊ. मी तोंड उघडलं का तीच येते. लोकायले तेच पाहिजे, अन् तिले तेच नाही पाहिजे. ती जर उठली ना, तं मी यानंतर गात नाही. सांगून ठेवते."

ती रडत नव्हती. ओट्यावरची माती नखाने उकरत होती. मला तिचा राग आला आणि दयाही आली. आपल्या गुरूने आपल्याला एकदा शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्या बाईला हवं होतं.

हॉलमधला पियानो जुना जर्मन, उभा. मी तो कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस खपून लावला. मे महिना, हवा भाजलेल्या पापडासारखी कोरडी. अशा हवेत लाकूड आटतं, सूर उतरतो, पण सगळा एकसारखा उतरतो आणि मग तिथे टिकून राहतो. मी काम संपवून फळी बसवली तेव्हा पियानो असा बोलत होता, की आमच्या मास्टरांनीही पाठ थोपटली असती. पियानो वाजवणारा व्हिक्टर, वसाहतीतलाच मुलगा, त्याने दोन सुरावटी वाजवल्या आणि मला मिठी मारली.

कार्यक्रम संध्याकाळी होता. मी दुपारी तीनच्या सुमारास, सहज, एकदा हात फिरवून यावा म्हणून गेलो. हॉलचं दार उघडलं आणि अंगावर गार वारा आला. वाळ्याचा सुगंध. गार आणि ओला, आणि ओल म्हणजे पियानोची वैरीण.

नागपूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यातला पाहुणचार म्हणजे कूलर. पाहुणा आला की आधी कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवायचं, मग पाणी विचारायचं. ज्याच्याकडे कूलरचं तोंड, तो त्या घरातला सर्वांत मानाचा माणूस. फर्नांडिस साहेबांनी कुठूनतरी कपाटाएवढा एक कूलर पैदा केला होता, नवीन वाळा भरलेला. आणि मॅडमची खुर्ची अजून मांडायची होती म्हणून त्यांनी त्याचं तोंड कोणाकडे वळवलं होतं? पियानोकडे! हातभर अंतरावरून ओलसर वारा सरळ त्याच्या पोटात चालला होता.

"फर्नांडिस साहब, ये कब से चालू है?"

"कल शाम से!" साहेबांची छाती फुगली. "पियानो भी तो आज का मेहमान है, मेश्राम. सोचा, उसको भी थोडा ठंडा कर दें."

मी पियानोला हात लावला. मधल्या पट्ट्यांतल्या चार-पाच दाबल्यावर वर येईचनात. लाकूड फुगलं होतं. ज्या वर आल्या, त्यांतून नुसती वँव-वँव निघत होती. ओलीने मधला भाग चढला होता, खालचा आणि वरचा होता तिथेच राहिला होता. एकेका पट्टीच्या तिन्ही तारा तीन दिशांना तोंडं करून बसलेल्या. दोन दिवसांचं काम एका रात्रीत, प्रेमापोटी, धुऊन गेलं होतं.

फर्नांडिस साहेबांवर ओरडावं असं मला फार वाटलं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मी नुसतं कूलरकडे बोट केलं. त्यांनी कूलर बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. काय करावं हे न कळलेल्या माणसासारखे ते बटणाशी खेळत राहिले.

तेवढ्यात रूथ आणि व्हिक्टर आले. व्हिक्टरने एक सूर दाबला आणि हात मागे घेतला.

"काय झालं जी याले?" रूथने विचारलं.

मी सांगितलं. दुसरा पियानो आणायचा तर तो मिशनच्या शाळेत, उचलायला आठ हमाल, आणि एवढा हलवला की तोही बिघडलेलाच येणार. याला पूर्ण लावायचा तर दिवस लागतो, हातात तीन तासही नव्हते. मी म्हटलं, "एक काम होते. सारा पियानो नाही लागत. तुमच्या गाण्यायले जे जे सूर लागतात तेवढे सांगा, तेवढेच लावतो."

व्हिक्टर माझ्याकडे बघून हसला, पण ते हसू रडवेलं होतं. "मेश्रामजी, ये जॅझ है. मैं क्या बजाऊंगा, ये मुझे उसी वक्त पता चलता है."

आली का पंचाईत! माझ्या धंद्याला आधी सगळं माहीत असावं लागतं, आणि त्याच्या धंद्यात आधी माहीत असलं तर मजा नाही. शेवटी मी विचार केला आणि जे मला आमच्या मास्टरांनी कधीही करू दिलं नसतं ते सांगितलं. मधल्या तीन सप्तकांत प्रत्येक पट्टीची फक्त मधली तार लावायची, आणि बाजूच्या दोन्हींत नमद्याची पट्टी खुपसून ठेवायची. काम करताना आम्ही ठेवतोच, फरक एवढाच, की आज ती काढायची नाही. पियानो सुरात राहील, पण तीनऐवजी एकाच तारेवर बोलेल. आवाज अगदी बारीक येईल. आजारी माणसासारखा.

"किती बारीक?" रूथने विचारलं.

मी एका पट्टीवर करून दाखवलं. टुण्ण. कोणी दूरच्या खोलीत वाजवावं तसा.

ती एकदम खुर्चीवर बसली. "भाऊ, तिची गाणी अशी नाही होत. तिची गाणी म्हणजे फुल्ल आवाज. याच्यावर मी तिच्यासारखी गायली तं पियानो ऐकूच येणार नाही."

"मंग तिच्यासारखी नको गाऊ," मी म्हणालो. माझं तोंड जरा तिखट आहे, आणि तेव्हा वेळही नव्हता. "मले जेवढं जमते तेवढं मी सांगून राहिलो. नाही तं कार्यक्रम रद्द करा."

मी कोट काढला आणि कामाला लागलो.

ते दोन-अडीच तास मी जन्मात विसरणार नाही. कूलर बंद केल्यावर हॉल तापत गेला. आधी अडकलेल्या पट्ट्या बाहेर काढून चिमट्याने त्यांची भोकं सैल केली. मग एकेक तार. घाम डोळ्यांत उतरायचा, किल्ली हातात सरकायची. आणि भीती ही, की आता कोरडं पडायला लागल्यावर लाकूड पुन्हा आटणार, म्हणजे मी लावतोय तो सूर माझ्या हाताखालीच हलतोय. बाहेर खुर्च्या मांडल्याचे आवाज, कोणीतरी मला लिंबाचं सरबत आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. शेवटच्या पाच-सहा तारा मी अर्ध्या विश्वासावर सोडल्या. व्हिक्टरला सांगितलं, "इसके ऊपर मत जाना, इसके नीचे मत जाना. और जोर से तो बिल्कुल मत मारना. नमदे की पट्टी गिर गयी तो सब खतम." त्याने मान हलवली.

दारात आता लोक जमले होते. कूलर आम्ही पियानोपासून दूर, खाली, पहिल्या रांगेच्या कडेला नेला. तो बंद ठेवणं शक्य नव्हतं. लोला मॅडमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, या उन्हाळ्यात बाईंना कूलरसमोर बसवणार असाल तरच न्या, त्यांचं हृदय आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. फर्नांडिस साहेबांनी बिचाऱ्यांनी डॉक्टरांना शब्द दिला होता.

मॅडम आल्या. पांढरा शुभ्र झगा, हातात काठी, ओठांना लाली. सगळा हॉल उभा राहिला. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. पहिल्या रांगेत, दाराच्या बाजूची कडेची खुर्ची त्यांनी स्वतःच निवडली. ती खुर्ची का निवडली, हे मला कळलं, रूथलाही कळलं. फर्नांडिस साहेबांनी कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि बटण दाबलं. घर्रर्र करून ते धूड सुरू झालं.

मी पियानोच्या आडोशाला, पडद्यामागे उभा होतो. पियानोची पुढची फळी काढलेलीच ठेवली होती, नमद्याची पट्टी सुटली तर बाजूने आत हात घालून धरायची, एवढंच माझं काम उरलं होतं.

पहिलं गाणं रूथने मॅडमच्या रीतीनेच उचललं. इतक्या वर्षांची सवय, ती काय एका दुपारात जाते? भरदार आवाज हॉलभर गेला, आणि पियानो त्याखाली पार बुडाला. व्हिक्टर वाजवतोय हे दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या, "अगदी लोला!" असं कोणीतरी इंग्रजीत म्हणालं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी काठी मांडीवरून उचलून पायांशी टेकवली होती. उठायच्या तयारीत माणूस टेकवतो तशी.

रूथनेही ते पाहिलं. मग रंगमंचाच्या मधली जागा सोडून ती सरळ पियानोजवळ आली, इतकी जवळ, की तिची कोपरं त्याच्या माथ्यावर टेकली. लोकांकडे तिची पाठ जवळजवळ झाली होती. व्हिक्टरला म्हणाली, "हळू. मले ऐकू दे."

आणि तिने ते गाडी चुकलेल्या बाईचं गाणं धरलं. पण हे ते गाणं नव्हतं. एकेका तारेवरचा तो बारीक सूर ऐकायचा म्हणून तिला स्वतःचा आवाज त्याच्या खाली आणावा लागत होता. ती जवळजवळ बोलत होती. एक्स्चेंजमध्ये पलीकडच्या माणसाला दुःखाची बातमी सांगावी, तसं. मी इतकी वर्षं तिला ऐकत होतो, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो थोडा खरखरीत होता, मध्येच तुटत होता, आणि तो दुसऱ्या कोणाचाही नव्हता. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज वाटत नाही.

पण मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. हॉलमध्ये मात्र कूलरची घरघर. मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. एकाने हाक मारली, "लाउडर, प्लीज!" दुसरा म्हणाला, "आवाज नहीं आ रहा!" खुर्च्या सरकल्या. रूथच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. आवाज वाढवला की पुन्हा ती लोला होणार, आणि नाही वाढवला तर लोक उठणार. तिने नाही वाढवला. व्हिक्टर घाबरून पट्ट्या जोरात दाबायला लागला, आत नमद्याची पट्टी एका टोकाला सुटली, मी हात घालून ती बोटांनी तशीच दाबून धरली. हातोड्या माझ्या नखांशी उडत होत्या.

आणि लोला मॅडम उठल्या.

काठीचा आवाज झाला, ठक्. सगळ्यांनी पाहिलं. फर्नांडिस साहेब अर्धे उठून तसेच थांबले. नाताळच्या त्या नाचाला जे हजर होते, त्यांनी माना खाली घातल्या. रूथचे डोळे मिटलेले होते, पण तिने तो आवाज ओळखला असणार, कारण तिचा सूर थरथरला. ती थांबली मात्र नाही. मी मनात म्हणत होतो, नको थांबू, पोरी, जाऊ दे तिले, तू नको थांबू.

मॅडम दोन पावलं दाराकडे गेल्या. दाराच्या अलीकडे तो कूलर होता. तिथे त्या उभ्या राहिल्या, काठी डाव्या हातात घेतली, वाकल्या आणि बटण बंद केलं.

फर्नांडिस साहेब धावले. "मॅडम, डॉक्टर ने..."

"चुप," मॅडम म्हणाल्या. "लडकी गा रही है. सुनाई नहीं देता."

पंखा फिरत फिरत मंद झाला, पाण्याचा शेवटचा थेंब पडला आणि हॉलमध्ये अशी शांतता झाली, की माझ्या बोटांखालची एकेक तार मागच्या भिंतीपर्यंत जाताना मला ऐकू आली. तिच्यावर रूथचा आवाज. कोणी खोकलं नाही. मॅडम काठी टेकत परत आल्या, पण दाराजवळच्या त्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. पहिल्या रांगेच्या मध्यावर बसलेल्या एका बाईला त्यांनी हाताने सरकायला सांगितलं आणि पियानोच्या अगदी समोर बसल्या.

त्यानंतर रूथ आणखी सात-आठ गाणी गायली. भिंती आग ओकत होत्या. लोकांनी कार्यक्रमपत्रिकांचे पंखे केले, पुरुषांनी टाय सोडले. लोला मॅडमचा पांढरा झगा पाठीला चिकटला, ओठांची लाली पुसली गेली, फर्नांडिस साहेब त्यांना पाण्याचा ग्लास पुढे करत राहिले आणि त्या तो हाताने मागे सारत राहिल्या. शेवटचं गाणं संपेपर्यंत त्या जागेवरून उठल्या नाहीत.